उबेनबाईंच्या घरचा चहा

त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पुरी होत होती, आणि आपल्यालाही इतिहास आहे याचा टॅमरॅक काउंटीला एकदम साक्षात्कार झाला. तोवर मका, सोयाबीन आणि डुकरं यांपलीकडं तिथं कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. आता मिसेस हार्बर्ट्सच्या दिवाणखान्यात समिती बसली, केक खाल्ला गेला, आणि काउंटीतल्या जुन्या जागांचं पुस्तक काढायचं ठरलं. नदीवरचा छपराचा लाकडी पूल, दगडी गिरणी, गोल गोठा, एका खोलीची शाळा, चार चर्चं, आणि ज्या ओकच्या झाडाखाली काउंटीचं पहिलं कोर्ट भरलं ते झाड. झाड पडून तीस वर्षं झाली होती, पण बुंधा शिल्लक होता आणि समितीला तेवढा पुरे होता.

माहिती लिहायचं काम रेका सातहोफकडं आलं आणि फोटो काढायचं तिच्या नवऱ्याकडं, ओकोकडं. ओकोनं दोन वर्षांपूर्वी शेत पुतण्याच्या हवाली केलं होतं, तेव्हापासून तो घरात बायकोच्या पायात पायात येत होता. इतिहासाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. गाडी हळू चालवत दुसऱ्यांची पिकं बघायला मिळतात, एवढ्यावर तो खूश. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं इतका वेळ शेजारीशेजारी कधी बसले नव्हते. रेकाला ते मनातून फार आवडत होतं. तोंडानं मात्र ती म्हणायची, "अरे, रस्त्याकडं बघ. तो मका तुझा नाही."

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दोघं उबेनांच्या टेकाडाकडं गेले. उबेन घराण्याचं, काउंटीतलं पहिलं विटांचं घर तिथं होतं, दुमजली, आणि चाळीस वर्षं रिकामं. मालक कुठल्याशा लांबच्या शहरात राहायचा. जमीन कसणाऱ्यानं ओसरीच्या पायरीपर्यंत मका लावला होता. रेका टेकाडाखालच्या चर्चच्या आवारात थडग्यांवरची नावं उतरवायला थांबली आणि ओको कॅमेरा घेऊन मक्यातून वर गेला. तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. हवा अगदी पडली होती. वारा नसतानाही मक्याची पानं एकमेकांवर घासत होती, आणि रेकाला पेंग येत होती.

पाऊण तास झाला तरी ओको परतेना. तिनं गाडीचा हॉर्न दोनदा दाबला. थोड्या वेळानं तो खाली आला, टोपी हातात, चेहऱ्यावर डुलकी काढून उठल्यासारखा भाव.

"एक फोटो काढायचा होता, की घर विकत घ्यायचं होतं?"

"म्हातारीनं चहाला बसवलं," ओको म्हणाला.

"कुठली म्हातारी?"

"घरातली. काळ्या कपड्यातली. आपली जुनी बोली बोलते गं, आज्जीसारखी. किती वर्षांनी ऐकली!"

"ओको, त्या घरात चाळीस वर्षं कुणी राहत नाही."

"मग चहा कुणी केला?" त्यानं सरळ विचारलं.

रेकानं त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारू पिणाऱ्यातला तो नव्हता, पण बायकोचं नाक आधी तिकडंच जातं. वास चहाचा होता. कडक चहाचा, आणि साईचा.

आता या लोकांचं चहाचं एक आहे. त्यांचे आजे-पणजे जर्मनीतल्या, उत्तर समुद्राकाठच्या पूर्व फ्रीझलंडहून आले. बोली विसरत चालली, पण चहाची रीत सुटली नाही. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा. त्यावर उकळता चहा ओतला की खडा तडकतो, आणि त्या आवाजाला घरातली माणसं हातातलं काम टाकून येतात. मग कडेनं साय सोडायची. ढवळायचं अजिबात नाही. पहिल्या घोटाला साय, मग कडू, तळाशी गोड. चमचा असतो तो एकाच कामाला. पुरे झालं की तो कपात उभा ठेवायचा. जोवर चमचा ठेवत नाही तोवर घरची बाई ओतत राहते, आणि पाहुणा पीत राहतो. तोंडानं पुरे म्हणणं हे शिष्टाचाराला धरून नाही.

म्हणून गाडी सुरू करताना रेकानं थट्टेनं विचारलं, "कपात चमचा ठेवून उठलास ना?"

"चमचा दिलाच नव्हता," ओको म्हणाला. "तू हॉर्न वाजवलास, म्हणून उठलो."

फोटो धुऊन आला. घर, मका, आकाश. दुसरं काही नव्हतं.

पण बुधवारी दुपारी तीन वाजता ओको खिडकीशेजारच्या खुर्चीत बसला आणि त्याचा उजवा हात उचलला गेला. बोटं अशी, की त्यात कपाचा कान असावा. हात ओठांपाशी गेला, गळ्याची घाटी हलली, हात खाली आला. पुन्हा वर गेला. पंधरा मिनिटं हे चाललं. रेकानं हाक मारली, खांदा हलवला. त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा, पण खोलीपलीकडच्या माणसाकडं पाहावं तसं. मग तो उठला आणि रात्री जेवला नाही. पोट भरलंय म्हणाला.

गुरुवारी अर्धा तास. पुढच्या आठवड्यात पाच वाजेपर्यंत, त्याच्या पुढच्या आठवड्यात दिवेलागणीपर्यंत. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळ्यांत दिवा मारला आणि मेंदूत बारीकसा रक्तस्राव झाला असावा असं सांगून गोळ्या दिल्या. ओकोची पँट कमरेवरून घसरायला लागली. त्याला त्रास म्हणाल तर कसलाच नव्हता. तो सुखात होता, आणि रेकाचा जीव त्यानंच अर्धा झाला. आजारी माणूस कण्हतो तरी. हा गुणगुणत होता.

"कसं आहे रे तिथं?" एकदा त्याची तंद्री उतरत असताना तिनं हळूच विचारलं.

"उजेड छान आहे," तो म्हणाला. "तिन्हीसांजा होतच नाहीत. पडदा हलतो... आणि कुणाला कसली घाई नाही."

"मी आठवते का तिथं?"

"खाली गाडीत कुणीतरी थांबलंय एवढं आठवतं," तो म्हणाला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मैनो डिर्क्स दारात आला. रेकाचा मामेभाऊ, गावच्या आग विझवणाऱ्या तुकडीचा म्होरक्या. बाकी दिवस तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.

"रेके, तुझ्या पुस्तकातलं एक घर कमी कर," तो टोपी मागं सारत म्हणाला. "उबेनांचं. मालकानं आम्हाला सरावाला दिलंय. शनिवारी सकाळी नऊला पेटवायचं आणि पोरांना विझवायला शिकवायचं. छप्पर कोसळायला आलंय, उगाच कुणीतरी मरेल."

"पण ती जुनी जागा आहे, मैनो! समितीनं यादीत घातलीय."

"समितीला विचारलं की. त्या बायका म्हणाल्या, घर नसलं तरी पितळी पाटी लावता येईल. उलट स्वस्तात पडेल म्हणाल्या." तो हसला, मग खिडकीतल्या ओकोकडं बघून त्याचं हसू विरलं. "ओको कसाय?"

"चहा पितोय," रेका म्हणाली, आणि मैनोनं टोपी पुन्हा पुढं ओढली.

त्या संध्याकाळी तिनं ओकोच्या पायाशी बसून विचारलं, "ओको, ते घर जाळलं तर काय रे होईल?"

"मग उठायचा प्रश्नच नाही," ओको शांतपणे म्हणाला.

शुक्रवारी अडीच वाजता रेकानं ओकोचा चमचा घेतला, लग्नातला, रुपेरी मुलामा उडालेला. तो एप्रनच्या खिशात टाकून ती टेकाडाकडं निघाली. तिचा बेत साधा होता. बसायचं नाही, काही घ्यायचं नाही, ओकोचा कप शोधायचा, चमचा ठेवायचा आणि निघायचं. वाटेत तिनं तो बेत दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिला.

दार नुसतं लोटलेलं होतं. दिवाणखान्यात गिलावा पडला होता, रानमांजरांच्या मुताचा वास मारत होता. मैनोच्या माणसांनी उद्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यात पेंढा रचून ठेवला होता. जेवणाच्या खोलीतही पेंढाच होता. दक्षिणेच्या फुटक्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. रेका उंबऱ्यात उभी राहिली. चर्चचे तीन टोले खालून वर आले, मक्यावरून, खूप सावकाश. धूळ हळूहळू खाली बसली, आणि टेबल होतं.

पांढरं कापड. लाल गुलाबाच्या नक्षीचे पातळ कप, आठ-नऊ. बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांच्यापुढच्या प्रत्येक कपातून वाफ येत होती. खिडकीशी पाठमोरा ओको बसला होता, त्या मंगळवारच्या निळ्या शर्टात. आणि किटलीवर हात ठेवून काळ्या कपड्यातली म्हातारी बसली होती. चेहरा मायाळू. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. फार दिवस पाहुण्यांची उठबस करणाऱ्या बाईचा चेहरा असतो, तसा.

"ये पोरी, बस," ती जुन्या बोलीत म्हणाली.

"बसायला नाही आले, मावशी... ह्याला न्यायला आले."

"उभ्या पाहुण्याशी बोलायची सवय नाही गं मला." म्हातारीनं एक कप पुढं ओढला. "आधी चहा."

खडा पडला, चहा पडला, आणि खडा तडकला.

दुसऱ्या कुणा लोकांतली बाई असती तर टेबल उलथून, नवऱ्याची बखोट धरून चालती झाली असती. रेका त्यातली नव्हती. पहिला कप नाकारणं म्हणजे तुमचं घर अस्वच्छ आहे असं तोंडावर सांगणं, हे तिला आईनं बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं. तडकल्याचा आवाज कानात शिरला आणि तिचे गुडघे आपोआप वाकले. बसल्यावर तिला कळलं की आपण बसलो. साय, मग कडू, मग गोड. खरं सांगायचं तर इतका चांगला चहा ती आजी गेल्यापासून प्याली नव्हती. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या आत उठणं हाही अपमानच, म्हणून तिसराही झाला. पडदा हलत होता. ऊन जागचं हलत नव्हतं.

"आता बोल," म्हातारी म्हणाली.

"ह्याचा चहा झाला, मावशी."

"तसं त्यानं सांगितलं नाही. कुणी बोलावलं, उठून गेला. कप तसाच राहिला. मी काय करायचं... ओतत राहायचं."

"चमचा कुठं दिला होता तुम्ही?"

म्हातारीचा हात किटलीवर थबकला. ती कापडावरची सुरकुती नीट करायला लागली.

"नाहीत माझ्याकडं," ती अगदी हळू म्हणाली. "मला पुरलं, आणि चौथ्या दिवशी पोरांनी अंगणात घरातल्या सामानाचा लिलाव मांडला. बारा चमचे होते. शेजारणींनी एकेक करून नेले. कप तडकलेले, म्हणून ते राहिले." तिनं एका कपावरची भेग अंगठ्यानं झाकली. "मला लाज वाटते गं... पण दारात आलेल्याला तसंच कसं पाठवू?"

रेकाला तिची दया आली. भीतीच्या वर दया, आणि त्यानं भीती कमी झाली नाही.

"बायकोनं ठेवला तर चालेल?"

"लग्नाची असशील तर चालेल की."

रेकानं चमचा बाहेर काढला. तेवढ्यात तिच्या स्वतःच्या कपात खडा तडकला. चौथा कप. तिनं खाली पाहिलं, मग हातातल्या चमच्याकडं पाहिलं. चमचा एकच होता.

ओको तिच्याकडं पाठ करून बसलेला. मानेवर केस वाढले होते. दर तिसऱ्या शनिवारी ती स्वतः कात्री लावायची, या महिनाभरात राहून गेलं होतं. तिचं या माणसावर फार प्रेम होतं. चाळीस वर्षांत ते तिनं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, आणि आता बोलली तरी त्याला ऐकू जाणार नव्हतं. ती उठली, त्याच्या खांद्यावरून हात पुढं नेला आणि चमचा त्याच्या कपात उभा केला. बारीक किणकिण झाली. खुर्ची रिकामी होती. म्हातारीनं तो कप उचलला, पुसला आणि चमच्यावर पालथा घातला. तिच्या चेहऱ्यावरचं एक ओझं उतरलेलं दिसलं.

"आणि माझा?" रेकानं विचारलं.

"तुला काय घाई आहे?" म्हातारी म्हणाली.

रेका चालत बाहेर आली. तिला कुणी अडवलं नाही. ओकोलाही कुणी अडवलं नव्हतं.

घरी ओको चुलीपाशी उभा होता आणि तव्यावर चार अंडी होती. "मी जेवलोच नाहीये की काय कितीतरी दिवस?" तो म्हणाला. "आणि माझा पट्टा कुणी ढिला केला?" रेका हसली, मग रडली, मग त्याला पाचवं अंडं फोडून दिलं. त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं.

तो जेवत असतानाच ती मूठभर चमचे घेऊन पुन्हा टेकाडावर गेली. साडेसहा वाजले होते. खोलीत पेंढा होता, नुसता पेंढा; टेबल तीनलाच मांडलं जायचं. तिनं मैनोला फोन करून आग दुपारी चारला लावता येईल का म्हणून विचारलं.

"रेके, पंधरा माणसं येणार, पाण्याचे दोन टँकर येणार, आणि आमच्या हिची बटाट्याची कोशिंबीर उन्हात ठेवून खराब व्हायची. नऊ म्हणजे नऊ."

शनिवारी नऊला घर पेटलं. अर्धं गाव बघायला आलं होतं. आधी छप्पर गेलं, मग वरचा मजला, आणि शेवटी दाराची चौकट पुढं झुकून गवतात पडली. ओको तिच्या शेजारी उभा राहून हॅम घातलेला पाव खात होता. "विटा चांगल्या होत्या," एवढंच तो म्हणाला. दुपारपर्यंत उरली ती काळी चौकोनी जागा आणि धुरांडं.

त्याच दिवशी तीन वाजता रेका भांडी पुसत होती. कानाजवळ खडा तडकला आणि तिच्या तोंडाला साईची चव आली.

ओकोनं महिनाभर पाहिलं. डॉक्टर आले, गोळ्या आल्या. ती सुखात होती, हे त्याला सहन होईना. एक दिवस तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला, तिचा हवेतला हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "रेका... चमचा ठेवला होतास ना गं?" त्याला काय आठवलं, किती आठवलं, कोण जाणे. तिला उत्तर द्यायचं होतं. पण घोट तोंडात होता.

दुसऱ्या दिवसापासून ओको टेकाडावर यायला लागला. म्हातारीच्या टेबलाशी बसल्या बसल्या रेकाला तो दिसायचा. घर जळाल्यापासून त्या खोलीत उजेड जास्तच आला होता, आणि मका कापून झाल्यामुळं खिडकीतून थेट रस्त्यापर्यंत नजर जायची. तीनला त्याची गाडी थांबायची. पितळी पाटीच्या दगडाला वळसा घालून तो वर यायचा, काळ्या चौकोनात उभा राहायचा, टेबल कुठं असेल याचा अंदाज घ्यायचा आणि चमचा राखेत खोचायचा. कधी इथं, कधी तिथं. मग तिचं नाव घेऊन हाका मारायचा. कधीकधी तो तिच्यापासून हातभर अंतरावर असायचा. ती हात हलवायची. तो भलतीकडंच बघत असायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिलं बर्फ भुरभुरलं. त्या दिवशी ओकोनं टोपीही घातली नव्हती. तो राखेत उभा होता, केसांवर पांढरे कण साठत होते, आणि त्याचे खांदे हलत होते.

म्हातारीनं किटली खाली ठेवली. मान वळवून तिनं खिडकीतून त्याच्याकडं पाहिलं.

"रोज येतो बिचारा," ती म्हणाली. "रोज बाहेर उभा. लोक काय म्हणतील मला?"

रेकाला ओरडायचं होतं. नको म्हणायचं होतं. तिनं घोट गिळला, तोवर पुढचा तोंडात आला होता, आणि तोंडात घास असताना बोलायचं नाही हे शिकवण्यात तिच्या आईनं हयगय केली नव्हती.

"आलेल्याला उंबऱ्याबाहेर ठेवायची आपल्यात रीत नाही, पोरी," म्हातारी म्हणाली, झगा झटकून उठली आणि दाराकडं गेली.

ते दार रेकानं स्वतःच्या डोळ्यांनी जळताना पाहिलं होतं. चौकट गवतात पडली तेव्हा तिचा धपकन झालेला आवाजही तिला आठवत होता. तरी आता कडी वाजली, बिजागरी कुरकुरली, थंड वारा टेबलावरच्या कापडाखालून आत शिरला. आणि मग तिला पायपुसण्यावर बूट पुसल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरा. कुणाच्याही घरात शिरताना ओको पुसायचा तसा, अगदी नीट.